ताडपत्रीखालचा पिंजरा

सांगू की नको, सांगू की नको, असं करत मी बरेच दिवस काढले. पण आता चहा झालाच आहे आणि तुम्ही माझीच माणसं, तर ऐका. अट एकच. हसायचं ते शेवटी. मध्येच हसलात तर मी उठून जाईन!

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी संशयी नाही. आमचे हे म्हणतात, "तू आहेस." पण ते मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये स्वयंपाकी, दिवसभर घराबाहेर. त्यांना काय माहीत? मला फक्त डोळे उघडे ठेवायची सवय आहे. घर जंगलाला लागून असलं की ठेवावेच लागतात.

तर आमची चांदी. पांढरीशुभ्र, कपाळावर तपकिरी ठिपका. गेल्या वर्षी ती चरायला गेली आणि तिकडे जंगलाच्या कडेलाच विली. आम्ही दोघं मोटारसायकलवर धावत गेलो. हे पुढे, मी मागे, वासरू माझ्या मांडीवर आडवं. आता नुकतं जन्मलेलं ओलं वासरू म्हणजे काय असतं, ठाऊक आहे? साबणाची वडी! नाल्याच्या उतारावर गाडीला दणका बसला आणि ते माझ्या हातातून सटकून खाली पडलं. पायाला लागलं. बिचारं कितीतरी दिवस लंगडत होतं.

आणि चांदी? तिला वासरू दिसेना, त्याचा वास येईना. ती उलटी फिरली आणि जिथे विली होती तिथेच जाऊन हंबरत उभी राहिली. वाघाच्या वाटेवर! अंधार पडेपर्यंत तिथून हलेना. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, पुढच्या वेळी चांदीच्या वासराला काही म्हणजे काही होऊ द्यायचं नाही.

पुढचा सगळा घोळ या चांगल्या विचारातूनच झाला, हे लक्षात ठेवा.

यंदा धान कापून झालं, चांदीचे दिवस भरत आले आणि नेमका त्याच सुमारास गावात बिबट शिरायला लागला. शाळेमागून एक बकरी गेली. मग एक कुत्रा गेला. आता पिंजरा लागणार, अशी चर्चा सुरू झाली. पिंजरा कसा असतो ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. लोखंडी गज, वरून पडणारं दार आणि आत जाळीच्या पलीकडे जिवंत बकरी, नाहीतर वासरू. बिबट वासावर येतो, आत शिरतो, दार धाडकन खाली. जाळीमुळे आतल्या बकरीला काही होत नाही म्हणे. म्हणे! बकरीला कुणी विचारलंय का?

आता आमचे नामदेव भाऊजी. माझे धाकटे दीर. आमच्या अंगणाला लागूनच त्यांचं वेल्डिंगचं दुकान. माणूस चांगला, पण डोक्यात सतत काहीतरी यंत्र फिरत असतं. गेल्या हंगामात त्यांनी धान उफणायचा पंखा बनवला होता. त्याने कचरा राहिला जागेवर आणि धान गेलं शेजाऱ्याच्या अंगणात. ही गोष्ट मी फक्त चार बायकांना सांगितली होती. चारच! तेव्हापासून भाऊजी माझ्याशी मोजूनमापून बोलायचे.

तेच भाऊजी एक दिवस स्वतःहून कुंपणापाशी आले.

"वहिनी, चांदी कधी वीते वो?"

"काऊन?"

"असंच."

असंच? पुरुषमाणूस गाईच्या बाळंतपणाची चौकशी 'असंच' करतो का? तुम्हीच सांगा!

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "वहिनी, पहिल्या दिवसाचं वासरू पाय दुमडून बसलं तं किती जागा लागते?"

"तुम्हाले कायले पाह्यजे?"

"असंच वो."

तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी जुनी गोधडी मागून नेली. कशाला, तर असंच! शिवाय वनरक्षक मॅडम त्यांच्या दुकानासमोर स्कूटी लावून दोनदा येऊन गेल्या. दोघं हसत होते. मी पाहिलं. आणि दुकानाच्या कोपऱ्यात एक मोठी वस्तू ताडपत्रीने झाकून ठेवली होती. ज्या माणसाचं सगळं भंगार बारा महिने उघड्यावर पडलेलं असतं, तो एकच वस्तू झाकून ठेवतो, तेव्हा?

दुपारी भाऊजी जेवायला गेले. मी काही चोरून गेले नाही. फक्त चपला काढून गेले. ताडपत्रीचं टोक उचललं आणि आत डोकावले.

पिंजरा! लोखंडी गज, एका अंगाला जाळी, मागे वरून पडणारं दार. आणि आत अंथरलेली माझी गोधडी!

बाजूला खिळ्याला एक जाड कापड टांगलं होतं. त्याला चार भोकं आणि वर दोन बंद. ही पँट म्हणावी तर चार पायांची. मग झटकन लक्षात आलं. वासराचे चार पाय यात अडकवायचे आणि त्याला टांगायचं! बिबटाला लांबून दिसावं म्हणून!

एवढ्यात भाऊजी फोनवर बोलत परत आले. मी सिलिंडरच्या मागे लपले.

"हो ना भाऊ, जाळी एका बाजूनंच लावली. वास आला पाह्यजे, दिसलं पाह्यजे, म्हणजे बरोबर मागं मागं येते. वासरू? घरचंच आहे ना, वहिनीचं! तिले अजून सांगतलं नाई. सांगतलं तं गावभर होते मंग."

आता याहून जास्त पुरावा कोर्टात तरी लागतो का?

मी तडक सिंधूबाईकडे गेले. सिंधूबाई आमच्या बचत गटातली, माझी जिवाभावाची. तिला सगळं सांगितलं आणि बजावलं, "कोणाले बोलू नको."

"मी कायले बोलू वो, माय!" ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावात एकही वासरू दिसेना. कुणी स्वयंपाकघरात बांधलं, कुणी देवघरासमोर. तिथल्याने हार खाल्ला. सिंधूबाईने तर तिचं वासरू नव्या संडासात कोंडलं आणि घरची माणसं डबा घेऊन बाहेर जायला लागली. सकाळी नळावर एक बाई माझ्याच कानाशी लागून म्हणते, "वनिताबाई, तुमाले मालूम आहे काय? दोन पिंजरे बनून राह्यले. एक वासराचा, एक गाईचा."

मी हादरले. मी तर एकच पाहिला होता! म्हणजे प्रकरण माझ्या अंदाजापेक्षाही मोठं होतं.

माझ्याच तोंडून निघालेली गोष्ट फिरून माझ्याकडे आली आहे, हे त्या वेळी सुचलं असतं, तर आज हा किस्सा सांगायची वेळ आली नसती.

मग मी डोकं चालवलं. बिबट कुठे येतो? गावात. पिंजरा कुठे आहे? गावात. म्हणजे गाय कुठे पाहिजे? गावाबाहेर! दुसऱ्या दिवशी पहाटेच चांदीला घेऊन मी आमच्या शेतावर गेले. तिथे बोडी आहे, म्हणजे आमचं लहान तळं. त्याच्या मातीच्या पाळीखाली आमचा रिकामा कोठा आहे, ढोरं बांधायचा. त्यात तिला बांधलं, पुढे तणस टाकली. कोठ्याच्या मागे बांबूची रांजी, म्हणजे दाट बेट, आणि तिच्या मागे सरळ जंगल. पण माझ्या डोळ्यांसमोर फक्त पिंजरा होता हो! जंगल दिसलंच नाही.

दुपारी पेंड घेऊन गेले, तर दावं तुटलेलं, कोठा रिकामा. धावत पाळीपलीकडे गेले. चांदी झुडपात उभी होती आणि तिच्या पायाशी पांढरी, ओली, थरथरणारी कालवड. कपाळावर आईसारखाच ठिपका! मी पदराने तिचं नाक पुसलं, तोंड पुसलं. ती उठायची, पुढचे पाय फाकायचे, धपकन खाली बसायची.

आणि मग झाडावरची वानरं ओरडायला लागली. खॉक्! खॉक्! आमच्याकडे त्या आवाजाचा अर्थ कुणाला सांगावा लागत नाही. जवळपास काहीतरी आहे.

मी ह्यांना फोन लावला.

"चांदी विली! कालवड उभी नाई राहून राह्यली! लवकर या!"

"कुठी आहेस तू?"

"बोडीवर."

"बोडीवर? गाभण गाय तिथी काऊन नेली तू?"

"ते मंग सांगते!"

"तिथीच थांब. मी पाठवतो कोणाले तरी."

कोणाला पाठवणार हे मी विचारलं नाही. तीच चूक. थोड्या वेळाने पाळीवरून खडखड, खडखड आवाज आला. बघते तर नामदेव भाऊजी! आणि पुढे दोन चाकांवर ढकलत आणलेला तोच पिंजरा!

"भाऊजी, तिथीच थांबा!" मी ओरडले.

ते थांबले नाहीत. गाडी माझ्यासमोर आणून उभी केली आणि मागचं दार वर उचलून खिट्टी लावली. "वहिनी, वासरू द्या इकडं."

"जीव गेला तरी देणार नाई!"

"अवं, वानरं ओरडून राह्यले! वाद कायले घालता? द्या लवकर!"

"बिबटाच्या तोंडी द्याले?"

"कोणाच्या तोंडी?" भाऊजींनी असा चेहरा केला, जणू त्यांना काही माहीतच नाही. मी मनात म्हटलं, माणूस नाटकात असायला हवा होता.

एवढ्यात रांजीत खसफस झाली. बांबू हलले. काहीतरी मोठं, जड, सरळ आमच्याकडे येत होतं! मी कालवडीला छातीशी धरलं. पळू कुठे? झाडावर चढता येत नाही, कोठा लांब. समोर उघडं होतं ते एकच दार. कालवडीसकट मी आत घुसले. धक्क्याने खिट्टी निघाली आणि मागून दार पडलं. धाड! नामदेव भाऊजी पिंजऱ्याच्या छतावर. चांदीने मात्र शिंगं रोखली. आमच्यात तेवढी एकच शूर.

रांजीतून बाहेर आली सिंधूबाई. केसांत पाला, हातात विळा.

"मले वाटलंच होतं!" ती माझ्याकडे विळा रोखून म्हणाली. "सगळ्या गावाले वासरं लपवाले सांगते अन् स्वतः गाय जंगलाकडं नेते! म्हटलं पाहू तं खरं, हे काय करून राह्यली. तं हे वासरू घेऊन स्वतःच पिंजऱ्यात बसली!"

म्हणजे माझ्यावरही कुणीतरी डोळे उघडे ठेवून होतं.

"कायचा पिंजरा?" भाऊजी छतावरून म्हणाले. "वासराची गाडी आहे हे! गेल्या वर्षी चांदी एकटी तिथी हंबरत उभी होती, मले पाह्यवलं नाई. जाळी यासाठी की आईले वासरू दिसलं पाह्यजे, वास आला पाह्यजे, म्हणजे ते मागं मागं येते. अन् शिंग आत जाऊ नये."

"अन् ते चार भोकांचं कापड?"

"वासराले उचलाची झोळी. हातानं कवळून उचललं तं बरगडीवर दाब पडते."

"अन् त्या मॅडम?"

"स्कूटीचं स्टँड तुटलं होतं त्याईचं!"

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

भाऊजींनी नुसतं सिंधूबाईकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं. धानाच्या पंख्याची आठवण मला आपोआप झाली.

वानरं अजून ओरडतच होती. भाऊजी उतरून दार उचलायला गेले, तर ते आडवं अडकून बसलेलं. ओढलं, ठोकलं, लाथ मारली. हलेना.

"राहू द्या आता," सिंधूबाई म्हणाली. "अशीच नेऊ."

आणि मला तशीच नेली! मांडीवर कालवड, खाली माझीच गोधडी, गुडघे हनुवटीला टेकलेले. मागून दोघं ढकलतायत. सिंधूबाई धापा टाकत म्हणते, "वासरू काई जड नाई वो, दुसरंच जड आहे!" आणि चांदी? ती जाळीला नाक लावून पावलापावलाला सोबत चालत होती. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिने. जाळीतून जीभ घालून कालवडीला चाटायची आणि मध्येच माझा कान. मला रडू आलं. कशाने ते विचारू नका, कारणं भरपूर होती.

नाल्याचा तोच उतार आला. गाडी दणकली. कालवड तसूभरही हलली नाही.

गाव गोळा झालं होतं. वासरं कडेवर घेऊन बाया दारात उभ्या. "सापडला काय वो बिबट?" कुणीतरी विचारलं. मग जवळ येऊन पाहिलं. "अवं, हे तं वनिताबाई!"

वनरक्षक मॅडम नेमक्या तिथेच. त्यांनी वाकून आत पाहिलं. "यांना कोणी पकडलं?"

"कोणीच नाई," भाऊजी म्हणाले. "स्वतःच आल्या."

दार शेवटी दुकानातल्या कटरने कापलं. कालवड त्या चार भोकांच्या झोळीतून अलगद खाली उतरली, आईखाली उभी राहिली आणि चीक प्यायला लागली. मला उतरवायला झोळी नव्हती.

आता ती कालवड अंगणभर उड्या मारते. चारही पाय धड आहेत. भाऊजींच्या गाडीला दूरच्या गावांहून मागणी येते. नव्या गाड्यांत त्यांनी एक सुधारणा केली आहे, दाराला आतूनही उघडेल अशी कडी लावली आहे. परवाच मूल गावाकडचं एक गिऱ्हाईक ती कडी खालीवर करून पाहत होतं. मी कुंपणाच्या अलीकडे भांडी घासत होते, कान अर्थातच तिकडे.

"बाकी सगळं समजलं भाऊ," तो म्हणाला. "पन आतून कडी कायले? वासरू काय स्वतः दार उघडते?"

भाऊजींनी हनुवटीने आमच्या घराकडे खूण केली.

"ते वासरासाठी नाई," ते म्हणाले.