विनाशिकेच्या पोटातलं इंजिन

आमच्या सावली गावाकडे पाणी म्हणजे धानाच्या बांधीतलं, नाहीतर तलावातलं. समुद्र आमच्या घरात कोणीच पाहिलेला नाही. तरी माझ्या लेकीला जहाजांचं खूळ लागलं, आणि तेही शंभर वर्षांपूर्वीच्या लढाऊ जहाजांचं. त्यांना विनाशिका म्हणतात, असं तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी खेकसलेच, "दिवेलागणीला असं अभद्र नाव काऊन घेतं व?" ती हसून हसून लोळली.

दुसरं करणार तरी काय बिचारी. तिला सिकलसेलचा आजार आहे, आम्हा नवराबायकोच्या रक्तातून आलेला. थंडी पडली की हाडं ठणकतात, कॉलेज बुडतं, अंथरूण धरावं लागतं. मग मोबाइल आणि ती जहाजं.

त्या सकाळीही दुखणं चढलं. गोळीनं उतरेना. तिचे बाबा दवाखान्यासाठी गाडी पाहायला गेले आणि मी तिचे गुडघे शेकत बसले. आईनं पोरीचं दुखणं नुसतं पाहत बसावं, याचा मला भयंकर राग येतो. पण राग काढावा कोणावर? तिचं मन दुसरीकडे वळावं म्हणून विचारलं, "तुह्या त्या विनाशिकेचं काय झालं व?"

दात आवळत ती सांगू लागली. "पयल्या जहाजाइत पुढच्या तोफा खाली होत्या. लाट आली का तोफवाले ओलेचिंब. मंग नंतरच्या जहाजाइत तोफा वर नेल्या. एकात तं नवीन टर्बाइन इंजिन बसवलं."

"अन् पयल्या जहाजाइचं काय केलं?"

"त्याइच्या तोफा बदलल्या ना. पन इंजिन तेच जुनं, थरथरनारं. पोटातच जे तसं बसलं, ते कोन बदलन?"

माझा हात थांबला. तिच्या वेळी आम्हाला या आजाराचं नावही ठाऊक नव्हतं. तिच्या धाकट्या भावाच्या वेळी, आजार निघाला तर मूल ठेवायचं नाही असं ठरवून, तो पोटात असतानाच तपासणी केली आणि तो धडधाकट निघाला.

"आई, भावाच्या वेळी तुमी तपासून पाह्यलं होतं ना?"

"हो."

"माह्या वेळी पाह्यलं असतं, तं मी असती का?"

"असती," मी लगेच म्हणाले. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मला मान वर करता आली नाही.