मधल्या खोक्यातली सुई

द्राक्षं निवडून खोक्यांत भरायच्या पॅकहाऊसमध्ये तिला सगळे सुईमावशी म्हणायचे. शिवणटिपणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता; नवऱ्याच्या सदऱ्याचं बटण तुटलं तर ती सरळ शिंप्याचा रस्ता दाखवायची. तिची सुई म्हणजे थर्मामीटरची वीतभर लांब, बारीक सळई. ती द्राक्षाच्या मण्यात खुपसायची, डोळे बारीक करून आकडा वाचायची आणि मग एवढंच बोलायची, ‘जाऊ दे’ किंवा ‘थांबव’. तिने ‘थांबव’ म्हटलं की भल्याभल्यांचं काही चालायचं नाही. हमाल, ड्रायव्हर, खुद्द मालकसुद्धा हात चोळत उभे राहायचे.

हा मान तिला कोणी ताटात वाढून दिला नव्हता. ती इथे आली ती घडातले खराब मणी कात्रीने काढायला, आठ-आठ तास उभ्याने. मग खोकी रचायला लागली, आणि पुढे शीतगृहात गेली, कारण तिथे जायला दुसरं कोणी तयार नव्हतं. बाहेर अंगाची लाही होत असताना आत शून्य अंश. इतरांना पंधरा मिनिटांत हुडहुडी भरायची. ही दोन स्वेटर, वर जॅकेट आणि कानाला मफलर बांधून आत आपल्याच घरात असल्यासारखी वावरायची. नवरा चेष्टेने म्हणायचा, ही घरी आली की घर गार पडतं. मग पंखा बंद करा, ती म्हणायची.

तिचं शास्त्र अगदी साधं होतं. द्राक्षं शेतातून येतात ती उन्हाची ऊब पोटात घेऊनच. ती ऊब काढल्याशिवाय माल कंटेनरमध्ये चढवायचा नाही. त्यासाठी शीतगृहात पॅलेटच्या, म्हणजे फळ्यांवर रचलेल्या खोक्यांच्या थप्प्यांच्या, दोन रांगा लावून मधे बोळ ठेवतात, बोळावर ताडपत्री ओढतात आणि टोकाच्या मोठ्या पंख्याने आतली हवा खेचतात. गार हवेला मग खोक्यांच्या भोकांतून जाण्यावाचून गत्यंतर राहत नाही, आणि आठ-दहा तासांत मणी शून्याला टेकतो. ताडपत्री सरकून फट राहिली तर मात्र हवासुद्धा माणसासारखीच वागते, सोपी वाट धरते. बाहेरची खोकी गार होतात, बोळाकडची कोमट राहतात. म्हणून मावशी नेहमी ताडपत्रीखालून बोळात शिरायची आणि सुई घालायची ती मधल्या खोक्यात.

ज्या वर्षीची ही हकिगत, त्या वर्षी तिची सून तिची साहेब झाली. सुनेने अन्नशास्त्राची पदवी घेतली होती, परीक्षा आणि मुलाखत दिली होती, आणि मालकाने तिला तीन महिन्यांच्या बोलीवर गुणवत्ता अधिकारी म्हणून घेतलं होतं. मावशीने ही बातमी अख्ख्या गल्लीला सांगितली, काहींना दोनदा. पण त्याबरोबर नवा नियमही आला: तपमान घ्यायचं ते अधिकाऱ्याने, आणि कागदावर सही त्याचीच. मावशीकडे उरलं दार उघडणं आणि पॅलेट लावून घेणं. बायकांनी तिला टोमणे मारून पाहिलं, घरी सासूचा हुकूम आणि इथे सुनेचा. शिकल्यासवरल्या हातात सुई गेली, मला आणखी काय हवं, असं म्हणून तिने त्यांची हवाच काढून घेतली. तरी आपला थर्मामीटर तिने जॅकेटच्या खिशातून काढला नाही. सवय ती सवय.

सुनेचे तीन महिने भरायला चार दिवस उरले होते, तेव्हा समुद्रापलीकडच्या एका नव्या गिऱ्हाइकाचा पहिला कंटेनर निघायचा होता. चारच्या ठोक्याला बंदराचं दार बंद होणार, वाट दोन तासांची, त्यामुळे माल दीडपर्यंत हलायलाच हवा होता. बाराच्या सुमाराला सुनेने चार पॅलेटना सुई लावली. शून्य पूर्णांक सहा. फक्कड आकडा. तिने कागद भरला, सही केली आणि कंटेनर मागे लावायला सांगितला. मालक धक्क्यावर घड्याळ बघत येरझाऱ्या घालत होते.

मावशी आत ताडपत्री गुंडाळायला गेली, तर मागचं एक टोक आधीच घसरून बोळात लोंबत होतं. ती बोळात शिरली, मधल्या खोक्यातला एक मणी निवडला आणि सुई घातली. पाच पूर्णांक आठ. शेजारच्यात सहाच्याही वर.

ती तिथेच उभी राहिली. बोलावं, तर सुनेची चूक मालकासमोर उघडी पडणार आणि नोकरीवर पाणी सोडावं लागणार. न बोलावं, तर कोणाला कळणार होतं? कागद चोख होता. पंचवीस दिवसांनी तिकडे कंटेनरचं दार उघडल्यावर बुरशी निघालीच, तर बोट दाखवायला जहाज होतं, बंदर होतं, शंभर जागा होत्या. घरातली पोर वाचत होती. हा मोह तिला झाला, अगदी खरा झाला.

मग ती बाहेर आली, सुनेला खांबाआड नेलं आणि थर्मामीटर तिच्यापुढे धरला. सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. चालू पंख्यापुढे त्या अरुंद बोळात शिरायचं तिने टाळलं होतं, हाताशी आलेली कडेची खोकी बघितली होती.

“अजून कोणालाच ठाऊक नाही,” मावशी म्हणाली. “काय करायचं ते तू ठरव.”

सुनेने ओढणीने तोंड पुसलं आणि ती तडक मालकासमोर जाऊन उभी राहिली. चूक माझी, असं सांगून तिने आकडा सांगितला. मालक ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गोड आवाजात म्हणाले की कंटेनर उणे अर्ध्या अंशावर चालतो, वाटेत होईल माल गार, आणि सही तर झालेलीच आहे.

“कंटेनर गार ठेवतो साहेब, गार करत नाही,” सून म्हणाली. तिने कागदावरचा आपलाच आकडा खोडला, शेजारी खरा आकडा लिहिला आणि त्याखाली पुन्हा सही केली.

मालक मावशीकडे वळले. “मावशी, समजवा तुमच्या सुनेला.”

“इथे त्या माझ्या साहेब आहेत,” मावशी म्हणाली. “मी त्यांना काय समजवणार?”

धक्क्यावरचे हमाल खाली बघून हसू दाबत राहिले. मालकांनी दोघींकडे आलटून पालटून पाहिलं आणि फोन घेऊन ते केबिनमध्ये गेले. अर्ध्या तासाने बाहेर आले ते घामाघूम होऊन. पुढचं जहाज सहा दिवसांनी होतं, गिऱ्हाईक कुरकुरत का होईना तयार झालं होतं. तोवर हा माल तुमच्या जबाबदारीवर, त्यांनी सुनेला बजावलं, आणि पुढच्या महिन्यापासून कामाची वेळ सकाळी सातची. सून घटकाभर बघतच राहिली. पुढचा महिना म्हणजे नोकरी टिकली, हे तिला मावशीने कोपराने ढोसल्यावर उमगलं.

माल पुन्हा पंख्याला लावून दोघी कपडे बदलायच्या खोलीत आल्या, तेव्हा सुनेचा बांध फुटला. आई, मी तुमचं नाव घालवलं, असं म्हणून ती मुसमुसायला लागली. मावशी बाकावर तिच्याजवळ बसली आणि बराच वेळ मफलरची गाठ सोडत राहिली.

“तुझ्या वयाची असताना मी पण अशीच घसरलेली ताडपत्री बघितली होती,” ती म्हणाली. “बघितली आणि गप्प बसले. म्हटलं, खोकी रचणाऱ्या बाईचं कोण ऐकतंय. तिकडे दार उघडलं तेव्हा सगळा माल पुरावा लागला. मला कोणी विचारलं नाही, मी कोणाला सांगितलं नाही, तुझ्या सासऱ्यांनासुद्धा नाही. लोक म्हणतात, मावशी मधल्या खोक्यात सुई घालते, किती हुशार. हुशारी कसली? धास्ती बसली आहे तेव्हापासून. तू आज सगळ्यांसमोर जे केलंस ना, ते मला नव्हतं जमलं. मला तुझा फार अभिमान वाटतो, पोरी.”

सुनेने सासूचा गार पडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि तो गरम होईपर्यंत सोडला नाही.

चार वाजता, बंदराचं दार बंद झालं त्याच वेळी, दोघी पुन्हा शीतगृहात गेल्या. बोळात एका वेळी एकच माणूस मावायचा. मावशीने ताडपत्री उचलून धरली आणि सुनेला आत जाऊ दिलं.