दारासमोर बसण्याची रीत

स्वातंत्र्याला आठ वर्षं झाली होती तेव्हा मी दक्षिण स्पेनला गेलो. त्याला पोस्टिंग म्हणता येणार नाही. मी सैन्यातून नाईक म्हणून डिस्चार्ज झालेला होतो आणि बसवनगुडीत एका मोटार गॅरेजात काम करत होतो. युद्धात आमच्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे मेजर असलेले साहेब पुढे कर्नल होऊन निवृत्त झाले होते. छाती कमजोर, इंग्लंडची थंडी सोसणार नव्हती. म्हणून कँटोनमेंटचा बंगला विकून ते मालागाजवळच्या एका गावात राहायला निघाले. मला म्हणाले, "नाईक, चलोगे?"

मी म्हणालो, "हां, साब."

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला. तोही स्पेनहून परतल्यावर, पस्तिशीला आलेला, संध्याकाळच्या वर्गाला बसणारा. कॉलेजच्या मंडळाची पोरं म्हणाली, "अण्णा, अंकासाठी स्पेनचं स्वल्प काहीतरी लिहा. गमतीचं." तसंच लिहायला बसलो होतो.

तिथला दिवस पलटणीसारखाच असे. सकाळी मोटार धुवायची, बाजारातून मासळी आणि पाव आणायचा, दुपारी साहेबांना फिरवायचं. ग्रनाडा पाहिलं, रोंडा पाहिलं. चुन्याने रंगवलेली पांढरी घरं, दारांवर लाल मिरच्यांच्या माळा. मिरच्या ब्याडगीसारख्या दिसत, पण तेवढ्याही तिखट नव्हत्या. मी खाकी कोट आणि फौजेची बेरे टोपी घालून गाडी चालवत असे. साहेबांना ते आवडायचं. खरं सांगायचं तर मलाही आवडायचं.

दुसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडाशी आम्ही रोंड्याच्या पलीकडे डोंगरात गेलो. दोन दिवस पाऊस झाला होता. दुपारी उशिरा एका वळणावर रस्त्याची कड सुटली आणि मोटार घसरत खालच्या ओढ्यात गेली. मी बाहेर पडलो. साहेबांचा पाय सीटखाली अडकला होता. पाणी त्यांच्या गुडघ्यापर्यंत होतं आणि चढत होतं. मी जोर लावला. पाय निघेना.

"आदमी लाओ," साहेब म्हणाले. "रस्सी लाओ. जाओ!"

वर चढणीवर गाव होतं. मी धावत पोचलो. चौकात पाण्याची चावी होती. तिथे एक बाई घागर भरत होती. मला पाहून तिने घागर टाकली, दोन मुलांना ओढलं आणि घरात शिरून दार लावलं. मी पुढचं दार वाजवलं. आतून अडसर पडल्याचा आवाज आला. मग एकेक खिडकी मिटत गेली. मला येत होते ते शब्द मी ओरडलो. सेन्योर, पाणी, मोटार. परेडवर ओरडावं तसा ओरडलो. गाव आणखीनच गप्प झालं.

तेव्हा मला ड्रायव्हर यल्लाप्पा कांबळे आठवला.

यल्लाप्पा चिकोडीकडचा. इटलीत आम्ही एकाच सेक्शनमध्ये ट्रक चालवत होतो. तिथली खेडी सैनिक दिसला की दारं लावून घेत. आम्ही दारं ठोकायचो. यल्लाप्पा ठोकत नसे. तो घरापासून लांब थांबायचा, हेल्मेट काढून बाजूला ठेवायचा आणि उकिडवा बसायचा. हात गुडघ्यांवर, नजर खाली.

"अरे, फौजेतला गडी ना तू?" आम्ही चिडवायचो. "भीक मागतोस काय?"

"बसू द्या की रं," तो म्हणायचा. "दार आपसूक उघडतंय."

आणि उघडायचं. म्हातारी बाहेर येऊन पाव द्यायची. तो पाव आम्ही सगळे खायचो.

मी कोट काढला, बेरे काढली, दोन्ही लांब ठेवली आणि ओल्या फरशीवर तसाच बसलो. खाली ओढ्यात पाणी चढत होतं. उठून पुन्हा दारं वाजवावी असं सारखं वाटत होतं. पण बसून राहिलो.

शेवटी एक दार किलकिलं झालं. काळ्या कपड्यांतली एक म्हातारी बाहेर आली. तिने मातीचा पेला माझ्यापासून लांब जमिनीवर ठेवला आणि काठीने माझ्याकडे सरकवला. मी प्यालो. मग हातांनी मोटार, घसरण, अडकलेला पाय दाखवला. तिने मागे वळून हाक मारली. एक माणूस खेचर आणि दोर घेऊन आला. त्याच्यामागे आणखी चौघे आले.

साहेबांना काढलं तेव्हा पाणी छातीला लागलं होतं. पाय मोडला होता, पण जीव वाचला.

पुढे इस्पितळात तो खेचरवाला भेटायला आला. त्याने जे सांगितलं ते साहेबांनी मला सांगितलं. त्यांच्या यादवी युद्धात समुद्रापलीकडून माझ्या रंगाचे सैनिक आणले होते. तेही खाकीत होते. म्हातारीचे दोन्ही मुलगे त्यांनी त्याच चौकात उभे करून मारले. मला पाहून गावाला वाटलं, ते परत आले. मी फरशीवर बसलो म्हणून म्हातारीने दार उघडलं, हेही त्याने सांगितलं.

साहेब म्हणाले, "ते बसणं कुठे शिकलास?"

"आपल्या कंपनीतल्या कांबळे ड्रायव्हरकडून, साब."

"आणि तो कुठे शिकला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तेव्हाच मला उत्तर कळलं. यल्लाप्पाचं घर वेशीबाहेर, महारवाड्यात होतं. पाणी मागायला लांब बसायचं, हात दिसू द्यायचे, नजर खाली ठेवायची, हे तो आमच्यासारख्यांच्या दारांत शिकला होता. लंगरमध्ये आम्ही एका पंगतीत जेवायचो. तेवढ्यावर सगळं मिटलं असं मी धरून चाललो होतो.

"मालूम नहीं, साब," मी म्हणालो.

ड्रायव्हर यल्लाप्पा कांबळे इटलीत एका नदीच्या अलीकडे, रेशनचा ट्रक नेताना, सुरुंगावर गेला. माझा ट्रक त्याच्या मागे होता. ऑर्डर आली, "कॉन्व्हॉय थांबणार नाही. बाजूने काढा." मी बाजूने काढला.

युद्धावर परदेशी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो माझ्याबरोबर बसवनगुडीच्या घरी आला होता. मी आत किट बांधत होतो. आई ताट वाढत होती. यल्लाप्पा बाहेर अंगणात, पायरीपासून लांब, उकिडवा बसला होता. मला वाटलं, त्याला वारा हवा आहे. दार सताड उघडं होतं. आत ये, असं त्याला कोणी म्हटलं नाही. मीही नाही.