पंख्यातला झेंडू
आज घरचा कॉम्प्युटर साफ करायला उघडला आणि आतून वाळक्या झेंडूचा वास आला, तशी कोडोलीतली ती पशुखाद्याची दुकानदारीण आठवली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला होता, बिलं करता करता मशीन आपोआप बंद पडतंय म्हणून. दुरुस्तीला गेलो, तर दुकानात पेंडीच्या पोत्यांचा उग्र वास आणि काउंटरवर ती एकटीच. कॉम्प्युटरचं झाकण काढलं. आतल्या पंख्यात झेंडूच्या पाकळ्या, कुंकू, अक्षता गच्च अडकल्या होत्या. वाराच लागत नसल्यानं मशीन तापून बंद पडत होतं. ‘‘वहिनी, पूजा वरनं करायची असती, आतनं न्हाय!’’ मी खेकसलो. ती काही वरमली नाही. ‘‘वर ठेवलेलं फूल घसरत हुतं, म्हणून जाळीतनं आत सारलं. दरसाल आमचे मालक करायचे खंडेनवमीची पूजा. ते उन्हाळ्यात गेले. मग औंदा मशीन बिनपूजेचं ठेवू व्हय?’’ मी ब्रशनं एकेक पाकळी काढली. मशीन सुरू झालं, तसा तिनं चहा पुढं केला आणि सहज विचारलं, ‘‘पावणं, तुमच्या मशीनची पूजा कोण करतंय?’’ दिवसभर लोकांची मशीनं उघडून संध्याकाळी स्वतःच कुलूप काढून घरात शिरणारा माणूस मी. ‘‘ऱ्हातंय तसंच,’’ म्हणालो. निघताना तिनं उरलेली फुलं कागदात बांधून दिली. तेव्हापासून खंडेनवमीला मीही माझ्या मशीनला एक झेंडू वाहतो. वर ठेवला, की खरंच घसरतो.