आईने निवडलेला अल्टरनेटर

मावशीकडून परत येताना बारवी धरणाच्या रस्त्यावर गाडीत बॅटरीचा लाल दिवा लागला. शेजारी आई होती. मी म्हटलं, घरी जाऊन बघू. पुढच्या चढावर हॉर्न घोगरा झाला आणि बदलापूर गावाच्या अलीकडे गाडीने मान टाकली.

ओळखीच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून पाहिलं. "ताई, अल्टरनेटर जळलाय. गाडी चालताना बॅटरी तोच भरतो. तो गेला की बॅटरीत असेल तेवढ्यावर गाडी धावते, मग बसते." त्याने तो काढून माझ्या पिशवीत घातला. "उल्हासनगरच्या स्पेअर पार्टच्या बाजारात जा. हाच दाखवून घ्या. अँपियर कमी नको, एसी आहे तुमच्या गाडीला."

दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "मीपण येते, पडद्याचं कापड बघायचंय."

दुकानदार सिंधी होता. त्याने आमचा अल्टरनेटर खोलला आणि आतली तांब्याच्या तारांची गुंडाळी काऊंटरवर ठेवली. काळी ठिक्कर पडली होती. मी पुली आणि मागचा प्लग जुळवून बघत होते. आईने ती गुंडाळी उचलली, नाकाशी नेली.

"तारेवरचं व्हार्निश जळलं," ती म्हणाली. "असाच वास यायचा गं आमच्याकडे."

"आमच्याकडे म्हणजे?"

"अंबरनाथला. लग्नाआधी मी कॉइल भरायला, म्हणजे तार गुंडाळायला जायचे ना, विजेच्या मोटारींच्या कारखान्यात."

मला हे माहीतच नव्हतं! आई पापड, लोणची, शिवण करणारी. कारखान्यातली आई मी कधी ऐकली नव्हती. ती सांगत राहिली. ओळीने बसलेल्या मुली. तार ओढून ओढून बोटांना चिरा पडायच्या, म्हणून डबा खायच्या आधी सगळ्याजणी खोबरेल चोळायच्या. एकीचं लग्न ठरलं, तेव्हा बाकीच्यांनी उरलेल्या तारेची नाजूक जोडवी करून दिली होती. सुपरवायझरने बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

"मग का सोडलंस?"

"तुझ्या आजीला सुनेने कारखान्यात गेलेलं चालायचं नाही." एवढंच म्हणून तिने गुंडाळी खाली ठेवली.

दुकानदारही ऐकत होता. "माताजी, ये रिवाइंड हो जाएगा. रिपेअर किया हुआ तैयार पीस भी है. और ये नया है."

माझं मन भरून आलं होतं. मी म्हटलं, "आई, आपलाच भरून घेऊ. हाताने भरलेला."

आई हसली. "अगं, मान मोडायची माझी दिवसभर बसून. हाताने भरलेला म्हणून काय देव्हाऱ्यात ठेवणारेस? बेअरिंगही घासलंय याचं, फिरवून बघ, खरखरतंय. रस्त्यात परत अडकायचं नाहीये मला. नवीन घे." मग दुकानदाराकडे वळून म्हणाली, "वॉरंटीका शिक्का मारके दो."

नवीनच घेतला, जुन्याइतक्याच अँपियरचा. दुकानदाराने बजावलं की बेल्ट सैल ठेवू नका, बॅटरीचे टर्मिनल साफ ठेवा, इंजिन चालू असताना वायर काढू नका. पुढे दर सर्व्हिसिंगला आई आठवणीने विचारायची, "बेल्ट बघितला का त्याने?" नातेवाइकांची खुशाली विचारावी तसं.

त्या दिवशी पडद्याचं कापड राहिलंच. दुकानातून बाहेर पडल्यावर आई मला एका गल्लीत घेऊन गेली. पगाराच्या दिवशी कारखान्यातल्या पाचसहा मुली इथे दाल पकवान, म्हणजे डाळीबरोबर सिंधी कडक पुरी, खायला यायच्या म्हणे. ते हॉटेल सापडलं नाही, तिथे मोबाइलची दुकानं झाली होती. आईने दोन्ही बाजूंच्या पाट्या वाचून पाहिल्या. मग समोरच्या हातगाडीवाल्याकडे गेली आणि दोन प्लेट सांगितल्या.

"कांदा जास्त टाकना," ती म्हणाली, अगदी एखाद्या कॉलेजच्या मुलीसारखी. जड पिशवी दोन्ही पायांत धरून मी तिच्याकडे बघत राहिले. तिने पकवान कडकन मोडलं आणि पहिला घास मला भरवला.