बस्त्यात घेतलेले पांढरे बूट

मित्रांनो, आज धुळ्यात आमच्या लग्नाचा बस्ता झाला. घरी आलोय, पण मन अजून दुकानातच आहे.

शालू, शेरवानी सगळं झालं. शेवटी नवरीच्या चपला राहिल्या. सीमा उंच टाचांच्या जोड्या बघत राहिली आणि मग बाजूचे बूट उचलून हळूच म्हणाली, "मला पळायचे पांढरे बूट हवेत. रोज तसेच घालते."

तिच्या आई म्हणाल्या, "शालूखाली बूट? व्याही काय म्हणतील?"

माझे वडील, नाना, ट्रॅक पँटवरच आले होते. शेतात तीच, बँकेत तीच. ते आपल्या पँटकडे बोट दाखवत अहिराणीत हसले, "इहीनबाई, मना आंगवर काय शे, देखा ना."

"तुम्हा पुरुषांचं चालतं हो."

सीमाने बूट खाली ठेवले. मला शर्टाचा रंग ठरवायचीही धास्ती वाटते, पण तोंडातून निघून गेलं, "मलाही तसेच द्या. मांडवात दोघंही तेच घालू."

तिच्या आई शेरवानीच्या पिशव्या आवरू लागल्या. सीमा नवे बूट घालून दुकानात चालली, जमिनीला पाय लागत नसल्यासारखी. तेव्हापासून डोळे मिटले की आम्ही दोघं अक्षतांखाली तसेच उभे दिसतो.

तुमच्यापैकी कुणी मांडवात बूट घातलेत का? लोक किती दिवस बोलतात?