पाणी न मागणारी पोरगी

"पोरगी लई गुणाची हाय हो तुमची. दिवसभर एका जागी बसती, पाणीसुद्धा मागत न्हाई."

शेजारच्या काकू ओट्यावर बसून आईला सांगत होत्या. मी दाराच्या आत रिकाम्या घागरी पुसत होते, त्यामुळे त्यांना दिसत नव्हते. गुणाची पोरगी म्हणजे माझी आठ वर्षांची धाकटी बहीण. घरात तिला सगळे बारकीच म्हणतात. खिडकीखालच्या भिंतीला पाठ लावून ती आईच्या मोबाईलमध्ये मान घालून बसली होती.

"हाव, त्या मोबाईलचे उपकार," आई म्हणाली आणि दोघी हसल्या.

त्या उन्हाळ्यात उदगीरचे नळ कोरडे पडले होते. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याचे फोटो पेपरात आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा, तोही कधी यायचा, कधी नाही. अशा दिवसांत खेळणारं मूल घराला परवडत नाही, हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं, पण सगळ्या बायकांना कळलं होतं. पोर उन्हात पळालं की घामाघूम होऊन येतं, तांब्याला तोंड लावतं, पाय धुवायला मागतं, आणि फ्रॉक भिजवायला टाकावा लागतो तो वेगळाच. आई आधी रागवायची, "बाहेर जाऊ नको, तहान लागती." मग चेंडू माळ्यावर गेला. तरी बारकी दाराशी घोटाळायची, तेव्हा आईनं तिच्या हातात मोबाईल दिला. बारकी बसली. आमच्याच घरात असं झालं असंही नाही. दुपारी गल्ली ओस पडलेली असायची आणि घराघरांतून एकसारखे टिंग टिंग आवाज यायचे.

बारकीचा खेळ कुत्र्याच्या पिल्लाचा होता. त्याला भरवायचं, झोपवायचं, अंघोळ घालायची. मधूनच फोन वाजायचा. आईला वाटायचं बँकेचं काही आलं. "बघ गं, काय म्हणतंय," म्हणून ती फोन माझ्याकडे द्यायची, कारण घरात इंग्रजी शाळेत गेलेली मीच. मी वाचून सांगायचे, पिल्लू भुकेलं आहे. पिल्लू तुझी वाट बघतंय. तू आली नाहीस म्हणून पिल्लू रडतंय. आणि खरंच पडद्यावर पिल्लाच्या डोळ्यात एक टपोरा थेंब असायचा. तो थेंब ज्यानं काढला असेल, त्याला आठ वर्षांची मुलगी कशी असते ते नीट ठाऊक होतं. बारकी जेवणावरून उठून यायची.

अंघोळीचा भाग तिला सगळ्यात आवडायचा. बोटानं नळ फिरवला की पाणी सुरू, वाटेल तितका वेळ. तिला स्वतःला तेव्हा आई ओल्या फडक्यानं पुसून काढत होती. एकदा माझ्याकडे न बघताच ती म्हणाली, "ताई, याच्या नळाला रोज येतं."

बाबांचं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान. उदगीर वेगळा जिल्हा व्हावा म्हणून जी माणसं निवेदनं देत, उपोषणाला बसत, त्यांची पत्रकं बाबाच काढून द्यायचे. त्यांची संध्याकाळ त्या लोकांच्या बैठकांत जायची. जिल्हा झाला की पाणी येईल, साहेब इथं बसेल, कागदासाठी लातूरला खेटे घालायला नकोत, असं ते घरीही बोलायचे. त्यात खोटं काही नव्हतं. लातूरला कागद पडून राहायचे, हे मीही पाहिलं होतं. पण आमच्या घरात प्रत्येक गोष्ट शेवटी दूरच्या कुणावर तरी जाऊन थांबायची, आणि मग त्या दिवशीपुरतं बोलणं संपायचं.

पुढं पाऊस झाला. नळ सुरू झाले. आईनं माळ्यावरचा चेंडू काढून बारकीला दिला आणि म्हणाली, "जा आता, खेळ किती खेळायचं ते." गल्लीतल्या दोन पोरींनी हाकही मारली. बारकी उंबऱ्यावर उभी राहिली. पोरी लंगडी घालत होत्या. ती चेंडू पोटाशी धरून त्यांच्याकडे बघत राहिली, दुसऱ्या गावाहून आल्यासारखी. मग चेंडू कोपऱ्यात ठेवून ती परत खिडकीखाली येऊन बसली. मी पुस्तक उघडून बसले होते, पण पान उलटलं नाही.

त्यानंतर सगळं बिघडतच गेलं. फोन काढून घेतला की ती जेवायची नाही. शाळेतून बाईंनी सांगून पाठवलं, पोरगी वर्गात डुलक्या घेते. एका सकाळी आईनं फोन ओढला तर ती आईच्या मनगटाला कडकडून चावली. आईनं तिला मारलं नाही. हात पदराखाली घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. बरेच दिवस तिथे दातांचे वण दिसत होते.

मग देगलूरहून मामा आले. येतानाच लोखंडी पेटी घेऊन आले. नांदेडजवळ एक निवासी शाळा त्यांच्या ओळखीची होती. "तिथं मोबाईलचं नावच न्हाई. पहाटे उठवतात. दोन वर्षांत पोरगी सरळ हुती."

पेटी बैठकीत मधोमध ठेवली होती. फोन कपाटात कुलपात होता. बारकी आतल्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मधे नुसता पडदा.

"कंपनीवाल्यांनी खाल्ली माझी पोरगी," बाबा म्हणाले. "केसच टाकली पाहिजे यांच्यावर."

"कंपनी काय घरात यिऊन मांडीवर फोन ठिवून गेली व्हय, दाजी?" मामा म्हणाले.

"तुम्ही बघितलाय का तो खेळ? कुत्रं रडतंय त्यात. मोठं माणूस उठायचं नाही, ही तर लेकरू हाय. त्यांनी डोकी लावून केलंय ते."

"केलं असंल. त्यांचा धंदाच हाय तो. आईबापाचा कोणता?"

आईच बोलली, पेटीकडे बघत. "मी एकटीनं काय काय बघू? पाणी बघू का पोरगी बघू?"

मामा माझ्याकडे वळले. "आणि ही आमची इंग्लिश मीडियम. तुझ्या शाळेत बोलायची फी वेगळी भरावी लागती काय गं?"

सगळे थोडे हसले. मीही नेहमीसारखी खाली बघून हसले. बाबांचं खरं होतं आणि मामांचंही. पण उन्हाळ्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं. काकूंचं ते कौतुक जणू कुणाला आठवतच नव्हतं. एकदा पेटी भरून नांदेडला गेली की ते बोलणं कायमचं राहून जाईल, आणि बारकी तिथे समजत बसेल की आपणच वाईट होतो.

"मग सोमवारी निघायचं का?" मामांनी विचारलं. बाबांनी मान हलवली. पडद्यामागे पलंग कुरकुरला.

"तिला पाठवू नका," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. तिघंही माझ्याकडे बघायला लागले, तरी मी थांबले नाही. "त्या खेळानं तिला धरून ठेवलं, ते खरंय. पण बसवलं आपण होतं, बाबा. पाणी मागू नये म्हणून. आता उठवायचंही आपणच. रोज संध्याकाळी मी तिला खेळायला घेऊन जाते. कपडे मळले तर मी धुते."